रोज किती ते सोड, दिवस किती ते सांग

बाळा,

तुझा मेसेज वाचला. आंब्याच्या कलमांवर दिवसाला 500 रोज मिळतो आणि लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत महिना 15,000, म्हणजे 26 दिवसांनी भागलं तर 577, मग 77 रुपयांसाठी घर कशाला सोडू म्हणतोस. भागाकार बरोबर आहे रे, पण कलमांवर वर्षात दिवस किती भरले ते लिहिलंच नाहीस.

मार्च ते मे आंबा, त्यात मोहोर गळाला की बोंब, मग पावसात भाताची लावणी, दसरा-दिवाळीला कापणी, बाकी कुणी बोलावलं तर. ओढून ताणून 120 दिवस धर, 60,000 झाले. कंपनीत 1,80,000. खोली आणि डब्याला महिना 6,000 गेले तरी 1,08,000 उरतात. पीएफचे, म्हणजे म्हातारपणासाठी साठवायच्या निधीचे, 12 टक्के कापले की पोरं बोंबलतात, पण तेवढेच कंपनीला पण भरावे लागतात हे कोण बघतच नाय. बागेत झेला (आंबे काढायची जाळीवाली काठी) घेऊन फांदीवर चढलेला गडी खाली पडला तर मालक चांगला असेल तर दवाखान्याचं बिल, नायतर पेटीभर आंबे. (बागायतदार पण काय मजेत नाय, फवारणीचा खर्च बघितलास तर चक्कर येईल.)

पण कंपनी म्हणजे सोनं असं पण नाय हां. मी ठेकेदाराकडून लागलो होतो, दोन वर्षं पगारातून पीएफ कापला आणि भरलाच नाय, मला कळलं तेव्हा तो माणूस गायब. म्हणून पहिल्या महिन्यातच यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, माग आणि सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडून बघ, तुझे आणि कंपनीचे दोघांचे पैसे जमा दिसले पायजेत. ठेकेदार पगाराची स्लिप नाय म्हणाला तर तिथेच समज, गडबड आहे.

अजून एक, मनात सलतं ते. तुझी काकी आणि मी लोकांच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या शेतात, शेजारी शेजारी तरवा (भाताची रोपं) काढायचो, जुड्या तिच्याच जास्त व्हायच्या आणि रोज माझा जास्त. समान वेतनाचा कायदा 1976 चा, पण तो बांध ओलांडून आत कधी आलाच नाय. आणि खोटं कशाला बोलू, मी पण ते जास्तीचे पैसे गपचूप खिशात घातले.

जॉइन व्हायच्या आधी लावणीला चार दिवस ये, माणूस मिळत नाय. रोज देईन, बायांना देतो तेवढाच.

तुझा काका