इन्फ्लॅमेबल म्हणजे पेटणारं की न पेटणारं?

सुरक्षेच्या सूचनांमधल्या इंग्रजीबद्दल वाचकांचे प्रश्न मागवले होते. त्यातले बरेचसे एकाच शब्दाभोवती घोटाळणारे निघाले, म्हणून आज तेवढेच घेते.

प्रश्न : महामार्गावर टँकरच्या मागे ‘हायली इन्फ्लॅमेबल’ लिहिलेलं होतं. आठवीतली लेक म्हणाली, “बाबा, ‘इन’ लागला की अर्थ उलटा होतो, म्हणजे हा पेटणार नाही.” घरातल्या सॅनिटायझरच्या बाटलीवर मात्र ‘फ्लॅमेबल’ आहे. खरं काय समजायचं?

दोन्हींचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारं. लेकीला हे आजच सांगा. तिने लावलेला नियम शाळेत शिकवलेलाच आहे हेही सांगा. ‘करेक्ट’चं ‘इन्करेक्ट’ होतं, ‘व्हिजिबल’चं ‘इन्व्हिजिबल’ होतं, मग इथेही तसंच असणार असं कुणालाही वाटेल.

घोळ लॅटिनमध्ये आहे. तिथे दिसायला सारखे पण मुळात वेगळे असे दोन ‘इन’ आहेत. एक नकाराचा, आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’चा सख्खा नातलग. दुसरा ‘आत, मध्ये’ या अर्थाचा. ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणं, या क्रियापदात हा दुसरा ‘इन’ आहे आणि त्यावरूनच इन्फ्लॅमेबल आला. फ्लॅमेबल हा शब्द धाकटा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. कितीतरी वर्षं तो फारसा कुणी वापरतही नव्हतं.

त्याला पुढे आणलं ते आगीशी रोजचा संबंध असलेल्यांनी. ‘इन’ वाचून कुणी निर्धास्त झाला तर जीव जाईल, या भीतीने १९२० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लॅमेबल’चा आग्रह धरला. १९५९ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही तीच भूमिका घेतली. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही आज फ्लॅमेबलच आहे. आपल्याकडे जुना शब्द टिकून राहिला. १९५२ च्या केंद्रीय कायद्याचं नावच ‘इन्फ्लॅमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’ आहे.

तुमच्या बाटलीबद्दल एक सांगायलाच हवं. ८० टक्के इथेनॉल असलेल्या सॅनिटायझरची वाफ साधारण साडेसतरा अंश सेल्सिअसलाही ठिणगी लागताच पेट घेऊ शकते. आपल्या स्वयंपाकघरात एवढा गारवा क्वचितच असतो. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय गॅस पेटवू नका.

प्रश्न : मग ‘कम्बस्टिबल’ कशाला हवा? तोही जळणाराच ना?

जळणाराच, पण किती सहज, हा फरक आहे. लाकडाचा ओंडका कम्बस्टिबल असतो, पण काडी लावली म्हणून तो लगेच पेटत नाही. द्रवांच्या बाबतीत हा फरक ‘फ्लॅश पॉइंट’ने मोजतात : ज्या कमीत कमी तापमानाला द्रवाची पुरेशी वाफ होते आणि ठिणगी लागताच ती वाफ पेटते, ते तापमान. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे चाळीस अंश. डिझेलचा आणि रॉकेलचा पस्तिसाच्या पुढे. पेट्रोल हिमालयातल्या थंडीतही ठिणगीची वाट पाहत असतं ते यामुळे.

आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातली वर्गवारी याच मोजमापावर बेतलेली आहे. २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असेल तर ए वर्ग, २३ ते ६५ च्या दरम्यान बी, त्यापुढे ९३ पर्यंत सी. फ्लॅमेबल आणि कम्बस्टिबल यांच्यातली रेघ मात्र प्रत्येक देशाने, प्रत्येक नियमावलीने थोडी इकडेतिकडे ओढली आहे. म्हणून डब्यावर नुसता शब्द वाचून थांबू नका, सोबतच्या माहितीपत्रकात अंशांचा आकडा शोधा.

मराठीत ज्वालाग्राही आणि ज्वलनशील हे दोन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. मी भाषांतर करताना फ्लॅमेबलला ज्वालाग्राही आणि कम्बस्टिबलला ज्वलनशील लिहिते. ज्वाळा पकडणारं आणि जळू शकणारं, हा फरक आपल्या शब्दांत आधीपासून आहे. तो वाया घालवू नये.

प्रश्न : ताई, माझं भोसरीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पोरं म्हणतात, ड्रम रिकामा आहे, आता त्यावर ‘इन्फ्लॅमेबल’ असलं तरी काय? कापायला घेऊ का?

नका घेऊ. कृपा करून नका घेऊ.

इथे खरा फसवा शब्द ‘रिकामा’ आहे. बेंजामिन ली व्हॉर्फ हा अमेरिकन भाषाभ्यासक उपजीविकेसाठी आगीच्या विमा कंपनीत नोकरी करत असे. आगी कशा लागतात ते तपासताना त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमपाशी माणसं जपून वागतात आणि रिकाम्या ड्रमपाशी बिनधास्त सिगारेट ओढतात. धोका मात्र रिकाम्यात जास्त असतो. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की मिश्रण पेटतं. काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागाच नसते. रिकाम्यात तळाशी उरलेलं वाटीभर पेट्रोलही हे प्रमाण जमवायला पुरतं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, झाकण उघडं ठेवलं तरी ती तळाशी बसून राहते.

ड्रम नीट धुऊन, आतली वाफ काढून, गॅस मोजण्याच्या यंत्राने खात्री झाल्यावरच कटरला हात लावायचा. ते यंत्र नसेल तर काम दुसऱ्याला द्या.

प्रश्न : डॉक्टरांनी गुडघ्यात ‘इन्फ्लमेशन’ आहे असं लिहिलंय. याचा आगीशी काही संबंध?

आहे, शब्द त्याच घरातला. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं रोमन काळापासून सांगितली जातात. मराठीत आपण दाह म्हणतो, तोही ‘दह्’ म्हणजे जाळणं या धातूवरून. दोन लांबच्या भाषांना एकच उपमा सुचली, मला याचं फार अप्रूप वाटतं. भडकाऊ भाषणाला ‘इन्फ्लमेटरी’ म्हणतात, तिथे फ्लॅमेबल चालणार नाही.

प्रश्न : मी फ्रेंच शिकतेय. तिथेही असाच गोंधळ आहे का?

फ्रेंचमध्ये ‘इन्फ्लॅमेबल’ याच स्पेलिंगचा शब्द पेटणाऱ्यालाच वापरतात, आणि न पेटणाऱ्यासाठी त्याच्या आधी आणखी एक ‘इन’ जोडतात. उलट ‘इनहॅबिटेबल’ इंग्रजीत राहण्याजोगं आणि फ्रेंचमध्ये राहण्यास अयोग्य, तेव्हा तिथे सावध राहा. आपल्याकडे स्तब्ध आणि निस्तब्ध शेजारी ठेवून पाहा, म्हणजे उपसर्ग दर वेळी अर्थ उलटा करत नाही हे पटेल.

प्रश्न : कारखान्याच्या गोदामावर मराठी फलक लावायचाय. कोणता शब्द वापरू?

इंग्रजीत फ्लॅमेबल लिहा, इन्फ्लॅमेबल टाळा. उलट अर्थ हवा असेल तर नॉन-फ्लॅमेबल. मराठीत कायद्याची भाषा म्हणून ‘ज्वालाग्राही’ असू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. खाली मोठ्या अक्षरांत ‘लगेच पेटतं. विडी, काडी, ठिणगी लांब ठेवा’ असं लिहा आणि बाजूला ज्वाळेचं चित्र काढा. रंगवण्याआधी मजकूर कागदावर लिहून रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना वाचायला द्या. ते एखाद्या शब्दाशी अडखळले, तर तो शब्द बदला.