रँडम ब्लॉकला वेळ वाढला म्हणून क्रम शिकले असं होत नाही

तुमची पोस्ट वाचली आणि माझं प्रबंधाचं वर्ष डोळ्यासमोर आलं. स्क्रीनवर चार चौकोन, चार बटणं, जो चौकोन उजळेल त्याचं बटण पटकन दाबायचं; दहा जागांचा क्रम परत परत येतो पण कुणाला सांगितलेलं नाही, तरी लोक फास्ट होत जातात आणि शेवटी रँडम ब्लॉक, म्हणजे तो क्रम नसलेली फेरी, आला की दाबायला लागणारा वेळ वाढतो. एवढ्यावर "नकळत शिकले" लिहू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नका लिहू.

मी निसेन-बुलेमरच्या 1987 च्या प्रयोगातला क्रम जसाच्या तसा उचलला होता, ड-ब-क-अ-क-ब-ड-क-ब-अ (डावीकडून अ, ब, क, ड हे चार चौकोन). मोजून बघा, ब आणि क तीन-तीनदा, अ आणि ड दोन-दोनदाच. शिवाय अ नंतर ब कधीच येत नाही. आणि माझ्या रँडम ब्लॉकमधे चारही जागा सारख्या! म्हणजे क्रमाचा पत्ता नसताना नुसतं "मधली दोन जास्त येतात" एवढं हाताला कळलं तरी वेळ वाढणारच. हे कळलं कधी, तर सगळा डेटा गोळा झाल्यावर, तोंडी परीक्षेत.

परत डेटा घ्यायचा तर फक्त क्रम बदलायचा होता, पण परवानगी देणाऱ्या ऑफिसने नवा अर्ज मागितला, तोच फॉर्म तीनदा भरून घेतला आणि त्यात चार महिने गेले. अजून राग येतो. तुम्ही अर्जातच दोन क्रम लिहून ठेवा.

रीड-जॉन्सन (1994) पद्धतीचे बारा जागांचे क्रम घ्या. एक 1-2-1-3-4-2-3-1-4-3-2-4, दुसरा 1-2-3-4-1-3-2-1-4-2-4-3. दोन्हीत प्रत्येक जागा तीनदा, प्रत्येक जोडी एकदाच, पण पहिल्यात 1-2 नंतर 1 येतो, दुसऱ्यात 3. रँडमच्या जागी हा दुसरा टाका, मग वेळ वाढला तर त्याला अर्थ आहे.

आणि "काही पॅटर्न जाणवला का?" एवढं विचारून थांबू नका, लोक खात्री नसली की नाहीच म्हणतात. आधी तो क्रम आठवेल तसा दाबायला सांगा, नंतर मुद्दाम टाळून दाबायला सांगा. टाळा म्हटल्यावरही तेच तुकडे येत राहिले तर मी नकळत म्हणेन. मी आता संशोधनात नाही, त्यामुळे गाइडला विचारून घ्या. पण बटण दाबल्यावर पुढचा चौकोन किती वेळाने येतो ते नक्की लिहून ठेवा, डेस्ट्रेबेक आणि क्लीरमन्सच्या 2001 च्या प्रयोगात हे अंतर शून्य केल्यावर लोकांना क्रम टाळता येत नव्हता.