जेलीफिशला घाबरून मालवण कॅन्सल करू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला आणि तो व्हिडिओ पण बघितला, जो बघून तू मालवणची समुद्रात पोहायची स्पर्धा कॅन्सल करायचं म्हणतेयस. व्हिडिओतली जी आहे ती बॉक्स जेलीफिश, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या गरम समुद्रातली, ती खरंच जीवघेणी असते. बॉक्स जेलीफिशच्या काही जाती भारताच्या किनाऱ्यावरही सापडतात, त्यामुळे आपल्याकडे असलं काही नसतंच हे मी तुला खोटं खोटं सांगणार नाही. पण स्पर्धेच्या वेळी, मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरमधे काही लागलंच तर बहुतेक वेळा चटका, लाल वळ आणि एक-दोन तास ठणका, एवढ्यावर भागतं. आपल्याच पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ मधे ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातले सात समुद्री पट्टे पोहून पार करायचं आव्हान, पूर्ण केलं, त्या सातपैकी एक म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधला नॉर्थ चॅनल, तिथे थंड पाण्यात लायन्स मेन नावाच्या भल्यामोठ्या जेलीफिश असतात आणि तिथे पोहणारा प्रत्येकजण डंख बसणार हे धरूनच पाण्यात उतरतो. तू पण तसंच धर. बसणार आहे. आता बसल्यावर काय करायचं ते बोलू.

आधी हे डोक्यातून काढ की ती तुझ्यामागे लागते. तिला मेंदूच नाहीये, हृदय नाही, शरीर जवळपास सगळं पाणीच, जास्त करून वारा आणि प्रवाह नेईल तिकडे जाते. तिच्या अंगाखाली लोंबणाऱ्या दोऱ्यांवर दंशपेशी असतात, प्रत्येकीत एक गुंडाळलेली बारीक नळी प्रचंड दाबाखाली भरलेली असते, कातडीचा स्पर्श झाला की ती मायक्रोसेकंदांत सुटते आणि विष आत सोडते. यात जेलीफिशचा काही निर्णय नसतो, पेशी आपली आपण सुटते, म्हणून वाळूत मरून पडलेली जेलीफिशही डंख करते, तुटलेला दोरा पण करतो, आणि मार्किंगच्या तरंगत्या बॉयाला (buoy) नाहीतर होडीच्या दोरखंडाला चिकटलेला तुकडा पण करतो. दोरखंड धरायच्या आधी एकदा नजर टाक. सगळ्याच डंख करतात असंही नाही, कोंब जेली म्हणून काचेसारख्या छोट्या असतात त्यांच्यात दंशपेशीच नसतात, त्या हाताला बुळबुळीत लागल्या की पोरं उगाच किंचाळतात.

खरा धोका डंखाचा नाही गं, त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाचा आहे. तू टिळक टँकवर शिकलीस, तिथे खाली काळी रेघ दिसते, फरशी दिसते, चार हातांवर भिंत असते. समुद्रात खाली नुसतं हिरवट अंधारं पाणी, आणि त्यात अचानक दंडावर गरम तवा लागल्यासारखं होतं. मग काय होतं, माणूस तोंड पाण्यात असतानाच जोरात श्वास ओढतो, खारं पाणी घशात, ठसका, मग उभं राहायला बघतो, पाय खाली लोंबकळतात, हात मारतो, आणि जो दोरा फक्त दंडाला लागला होता तो आता मानेला आणि पोटरीला पण गुंडाळला जातो. विषाने बुडत नाही माणूस, ठसक्याने बुडू शकतो.

म्हणून डंख बसला की पहिलं काम, तोंडातली हवा पाण्यात सोडून द्यायची, पूर्ण, बुडबुडे काढत. हवा सोडत असताना श्वास ओढता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही. मग उताणी हो, कान पाण्यात, चार-पाच लांब श्वास, पाय वर. दोरा चिकटलेला दिसला तर बोटांच्या टोकांनी उचलून लांब टाक, चोळायचा नाही. बोटांच्या पुढची कातडी जाड असते त्यामुळे तिथे फारसं जाणवत नाही, पण पेशी बोटाला चिकटून राहतात, आणि इथेच बहुतेक लोक फसतात, लगेच त्याच हाताने गॉगल नीट करायला जातात. डोळ्याला लागलं तर रेस तिथेच संपली. त्या हाताने गॉगल, तोंड, नाक काही नाही. मग थोडं अंतर त्या जागेपासून पुढे जा, फ्रीस्टाइल जमत नसेल तर ब्रेस्टस्ट्रोकने डोकं वर ठेवून, कारण एक असते तिथे बरेचदा अजून असतात. मग ठरव. ठणका असून श्वास नॉर्मल असेल तर पोहत राहा, दुखणं थोडं मागे पडतं. श्वास लागत असेल, गरगरत असेल, छातीत दडपण वाटत असेल तर हात वर करून होडीला बोलव. होडीचा आधार घेतला की डिसक्वालिफाय करतात ना, करू देत. पुढच्या वर्षी पण डिसेंबर येतो.

हे सगळं वाचून येत नाही, अंगात भिनवावं लागतं, आणि त्यासाठी समुद्र लागत नाही. पूलवर वॉर्मअपनंतर मैत्रिणीला सांग की मधेच कधीतरी, तुला न सांगता, पायाला नाहीतर खांद्याला जोरात चिमटा काढ. चिमटा बसला की हवा सोड, उताणी हो, श्वास, पुढे. हसायला येईल पहिल्यांदा, चालेल. गॉगलमधे मुद्दाम थोडं पाणी घेऊन एक-दोन लॅप मार. डोळे मिटून सहा-सहा स्ट्रोक मार, लेन रोपला आपटशील, आपट. आणि शाळा सुटल्यावरच्या त्या खचाखच बॅचमधे, जिथे कुणाचाही पाय कुणाच्याही तोंडावर बसतो, तिथे आठवड्यातून एकदा जा, तू ती बॅच नेहमी टाळतेस माहितीये मला. पण खडकवासल्याला नाहीतर पानशेतला जाऊन ओपन वॉटरची प्रॅक्टिस वगैरे करायची नाही, होडी आणि जीवरक्षक नसताना धरणात उतरणं हे जेलीफिशपेक्षा हजारपट वाईट आहे, दर उन्हाळ्यात पेपरात बातम्या येतात.

आता समुद्राचं. आदल्या दिवशी पोचलीस की हॉटेलात झोपा काढू नको, बीचवर चालायला जा आणि भरतीची रेषा बघ, म्हणजे जिथे शेवाळ आणि कचरा ओळीने येऊन पडतो ती. तिथे पारदर्शक गोळे पडलेले असतील तर पाण्यात पण असणार. निळी-जांभळी फुग्यासारखी पिशवी दिसली तर ती ब्लूबॉटल, ती खरं तर जेलीफिश नाहीच, अनेक जीवांची मिळून एक वसाहत असते, आणि तिचा दोरा कित्येक मीटर लांब असतो त्यामुळे फुगा तिकडे आणि डंख इकडे असं होतं. पायाने फोडायची नाही. ती जास्त करून पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्याला येते, २०१८ च्या ऑगस्टमधे मुंबईच्या बीचवर बऱ्याच लोकांना तिने चटके दिले होते, तुझ्या डिसेंबरमधे शक्यता कमी. आणि रापण ओढणारी मंडळी सकाळी दिसली तर त्यांना विचार, जाळ्यात काय येतंय आत्ता. जाळ्याला हात लावू नकोस, विचार फक्त.

बॅगेत एक चांगला थर्मास ठेव, गरम पाण्याचा. पुण्याहून न्यायची गरज नाही, सकाळी राहायच्या जागी भरून घे. बाहेर आल्यावर डंखाची जागा समुद्राच्याच पाण्याने धुवायची, बाटलीतल्या गोड्या पाण्याने नाही, त्याने उरलेल्या पेशी सुटू शकतात. चिकटलेले दोरे चिमट्याने उचल. वाळू चोळणं, टॉवेलने पुसणं, एटीएम कार्डाने खरवडणं हे सगळं बंद, दाब पडला की अजून विष सुटतं. लघवीचं तर कुणी सुचवलं तर हसून सोडून दे. मग गरम पाणी, साधारण ४५ अंश, म्हणजे सोसेल इतकं गरम, दुसऱ्या चांगल्या हाताने बघून मगच, आणि वीस मिनिटं तरी. पाणी थंड होत जातं म्हणून थर्मास मोठा घे. व्हिनेगरबद्दल विचारलंस, बॉक्स जेलीफिशला ते उपयोगी आहे, ब्लूबॉटलबद्दल तज्ज्ञांमधेच एकमत नाही, आणि तुला काय लागलं हे तुला कळणारच नाही, त्यामुळे तू समुद्राचं पाणी आणि गरम पाणी एवढंच लक्षात ठेव.

श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा जीभ सुजणं, उलट्या, चक्कर, अंगभर पित्त उठणं, यातलं काहीही झालं की थर्मास वगैरे राहू दे, सरळ मेडिकल टीमकडे, नाहीतर १०८. तुला दम्याचा पंप आहे ना, तो होडीवर नाही तर किनाऱ्यावर आईच्या हातात पाहिजे आणि फॉर्मवर तसं लिहिलेलं पाहिजे. आणि वळ गेल्यावर आठ-दहा दिवसांनी त्याच जागी परत खाज येऊ शकते, तेव्हा दचकू नका, डॉक्टरांना दाखवा.

अंगभर लायक्राचा सूट घातला की बराच भाग झाकला जातो, पातळ कापड असलं तरी फरक पडतो. डायना नायड २०१३ मधे क्युबा ते फ्लोरिडा पोहली ना, चौसष्टाव्या वर्षी, तिने रात्री अख्खा सूट आणि चेहऱ्यावर मास्क घातला होता कारण आधीच्या प्रयत्नांत बॉक्स जेलीफिशने तिचे हाल केले होते. पण प्रत्येक स्पर्धेचे कपड्यांचे नियम वेगळे असतात, इंग्लिश चॅनलला तर बिनबाह्यांचाच कॉस्च्यूम लागतो. व्हॅसलीन चोळून काही होत नाही, ते काखेत आणि मानेला घासू नये म्हणून लावायचं. तेव्हा तू आज-उद्याच आयोजकांना फोन करून विचार की लांब बाह्यांचा चालतो का. चालत असेल तर लगेच घे आणि त्यातच पूलवर पोहायला लाग, भिजल्यावर खांदे जड वाटतात, सवय व्हायला वेळ जातो. नसेल चालत तर पैसे वाचले.

तुझी ताई