थंड देशांत बर्फ वितळताना हायवेची ताकद का तपासतात? आपल्याकडे असं काही करतात का?

मी मुंबईत रोड टेस्टिंगचंच काम करतो म्हणून सांगतो, हो, आपल्याकडेही करतात, फक्त बर्फाच्या जागी पाऊस.

तिकडे हिवाळ्यात डांबराखालची माती गोठते आणि गोठताना खालचं पाणी वर खेचून घेते, त्याचे बर्फाचे थर होतात. तोवर रस्ता उलट जास्त कडक असतो, अमेरिकेत मिनेसोटात तर भर थंडीत ट्रकना जादा लोडची सूट मिळते. खरी गोची नंतर होते. मातीतला वरचा बर्फ आधी वितळतो पण खालची माती अजून गोठलेलीच, मग पाण्याला निचरा कुठून होणार, ते डांबराच्या खालीच तुंबतं, तिथली माती लिबलिबीत होते आणि वरून लोडेड ट्रक गेला की डांबर वाकतं, तडे जातात. म्हणून त्या दिवसांत ट्रकच्या लोडवर मर्यादा घालतात, आणि रस्ता कधी सावरला हे बघायला एफडब्ल्यूडी (फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर) मशीन वापरतात, म्हणजे ३०० मिमीच्या गोल प्लेटवर वजन पाडायचं आणि रस्ता किती दबला ते सेन्सरने मोजायचं. लांबच्या सेन्सरवरून खालच्या मातीची हालत कळते.

ते मशीन आता आपल्याकडेही आहे, पण बेंकलमन बीमची, म्हणजे रस्ता किती दबतो ते मोजणाऱ्या लांब दांड्याची, टेस्ट बघण्यासारखी असते. मागच्या एक्सलवर ८१७० किलो भरलेला ट्रक, त्याच्या डबल टायरच्या फटीत बीमचं टोक सरकवायचं, ट्रक हळूहळू पुढे घ्यायला सांगायचं आणि रस्ता परत वर येतो तसा डायल गेजचा काटा फिरतो तो वाचायचा. ट्रक २.७ मीटर पुढे गेल्यावर एक रीडिंग, तिथून आणखी ९ मीटर पुढे गेल्यावर शेवटचं. डांबराचं तापमान पण घ्यावं लागतं, भोक पाडून त्यात ग्लिसरीन ओतून थर्मामीटर घालतात, कारण रीडिंग ३५ डिग्रीच्या हिशोबात आणायचं असतं.

आयआरसी ८१ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या या टेस्टच्या नियमावलीत, स्पष्ट म्हटलंय की ही टेस्ट पावसाळा संपल्या संपल्या करा, तेव्हा माती सगळ्यात कमजोर असते. पण आमच्याकडे बरीच कामं येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, रस्ता कोरडा ठणठणीत, रीडिंग मस्त येतात. मग ओलाव्याचं करेक्शन लावायचं, त्याचे चार्ट आहेत, पण कसारा घाटाच्या वरच्या काळ्या मातीत ऑक्टोबरला जे प्रत्यक्ष दिसतं त्याची सर चार्टला नाही, आणि या रीडिंगवरून ठरणारी नव्या डांबराच्या थराची जाडी कमी पडली तर भोगणार लोकच, म्हणून मी दरवेळी ऑक्टोबरसाठी भांडतो.

तुमच्या भागातल्या रस्त्याचा रिपोर्ट मिळाला तर आधी टेस्टची तारीख बघा, मग मातीच्या ओलाव्याचा आकडा दिलाय का ते बघा.