पीएचडीच्या व्हायवाची (तोंडी परीक्षेची) तारीख आली का? मग हे वाच

अभिनंदन बे! आता पहिलं काम, गाईडकडून बाहेरच्या परीक्षकांचे रिपोर्ट मागून घे, कारण बरेचसे प्रश्न तिथूनच निघतात, प्रत्येक शंकेपुढं उत्तर आणि थिसिसचा पान नंबर लिहून ठेव. यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे व्हायवा ओपन असते, म्हणजे डिपार्टमेंटचे सर, रिसर्चवाली पोरं सगळे बसणार आणि त्यातला कुणीतरी विचारणारच, "सोलापूरच का, इचलकरंजी का नाही?" तुझा विषय सोलापूरचे यंत्रमाग कामगार ना, मग सॅम्पल कसं निवडलं, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायकांच्या मुलाखती तेलुगूत घेतल्या का मराठीत, भाषांतर कुणी केलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. थिअरीचं चॅप्टर एवढं घोकू नको. स्लाईड कमी ठेव, वाचून दाखवू नको, लई बोर होतं. येत नसेल तर "सर, हे माझ्या अभ्यासाच्या कक्षेत नव्हतं" म्हण आणि गप्प बस, फेकाफेकी लगेच कळते. आदल्या दिवशी केगावला विद्यापीठात जाऊन प्रोजेक्टरला लॅपटॉप लावून बघ. आणि हो, बाहेरच्या सरांना शेंगाचटणी द्यायची असेल तर रिझल्ट सांगितल्यावर दे, आधी बरं दिसत नाही.