मोठी लेन्स घेऊ नका, माद्यांना फ्रेममध्ये घ्या

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीहून घाट चढून रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात गेलो, ३०० मिमीच्या लेन्सने काळविटांचे भरपूर फोटो काढले, पण सगळे सपाट वाटतात. रचना सुधारायला ६०० मिमीची लेन्स घेऊ का? नका घेऊ. काळवीट मोठा दिसेल, फोटो तितकाच सपाट राहील.

इतकं ठासून सांगतोय कारण ह्याच मुद्द्यावरून माझं एका परीक्षकांशी वाजलं होतं. आमच्या तालुक्याच्या गावी छायाचित्रांची स्पर्धा होती आणि मी रेहेकुरीचाच फोटो दिला होता. कोवळं ऊन, वाळलेलं पिवळं गवत. उजवीकडे काळा नर, नाक आभाळाकडे, शिंगं मागे पाठीवर टेकलेली, शेपटी वर वळलेली. डावीकडे तीन माद्या, त्यातली एक मान वळवून त्याच्याकडे बघतेय. मधे नुसतं गवत. परीक्षकांनी फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाले, "ह्यात प्राणी कुठाय? हा गवताचा फोटो झाला." मग सगळ्यांदेखत लॅपटॉपवर क्रॉप करून नर तेवढा ठेवला. "आता बघा!" लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

त्या क्रॉपमध्ये उरलं काय, तर उगाच आभाळाकडे बघत उभा असलेला एक प्राणी. काळविटाचा नर नाक वर करून, शिंगं पाठीवर टाकून असा डौलात चालतो तो माद्यांपुढे. बघणारी मादीच कापली तर तो डौल कुणासाठी, हे कळणार कसं? मी तिथेच उठून हे बोललो. उत्तर आलं, "विषय ठळक हवा." माझ्या फोटोचा विषय त्या नराचं आणि मादीचं मधलं अंतर हा होता, आणि तो त्यांनी कात्रीने काढून टाकला. आजही मला ते पटलेलं नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक स्पर्धेत हेच चालतं, म्हणून तुमच्यासारखी माणसं पदरचे पैसे मोडून लेन्सच्या मागे लागतात.

तेव्हा आधी नर काय करतोय आणि कुणाकडे बघतोय ते बघा. तो बघतोय त्या बाजूला मोकळी जागा ठेवा. कळप असेल तर बटण दाबायची घाई नको. एकमेकांवर चढलेली अंगं सुटी होईपर्यंत आणि एखादी मान वर येईपर्यंत थांबा. नराच्या पिळदार शिंगांमागे बाभूळ आली तर गाडी दोन हात पुढे-मागे घ्यायला सांगा, शिंगं मोकळ्या गवतावर येऊ द्या. आणि मोठ्या लेन्सचं म्हणाल तर ऊन चढलं की माळावरची हवा थरथरते, लांबचा प्राणी कुठल्याही लेन्समधून मऊच, म्हणजे धूसर येतो.

सरावाला घाट चढायची गरज नाही. दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं की संध्याकाळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा. तिथे गुरं चरत असतात आणि मागे समुद्र असतो. समुद्राची रेघ कणभर तिरकी गेली तरी लगेच डोळ्यात येते. ती गाईच्या मानेतून गेली की मान चिरल्यासारखी दिसते. कातळावर गुडघा टेका, डोकं रेघेच्या वर आभाळात येतं. उंचवट्यावर चढा, रेघ शिंगांच्याही वर जाते. शरीराला ही सवय लागली की माळावर विचार करावा लागत नाही. एक्स्पोजरच्या, म्हणजे फोटो किती उजळ ठेवायचा त्याच्या सरावाला म्हैस धरा. उजळ गवतात म्हैस लहान असेल तर कॅमेरा सगळं काळोखं करतो आणि तिच्या अंगावरचा एक केस दिसत नाही. तिथे थोडं वाढवायचं. फ्रेमभर म्हैस असेल तर उलटं, तो नको इतकं उजळ करतो. काळविटाच्या बाबतीत अशा वेळी पोटाचा आणि डोळ्याभोवतीचा पांढरा भाग जळून जातो, म्हणून थोडं कमी करायचं.

उडीच्या फोटोसाठी गाडी अंगावर घालून कळप उधळणारे मी पाहिलेत. त्यांना माझ्या लेखी फोटोग्राफर म्हणायचं कारण नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तो आपणहून उडी मारेल तेव्हा शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान असू द्या, बस.

आता एक राहिलं. नोंदीसाठी किंवा ओळख पटवण्यासाठी फोटो हवा असेल तर जवळून, भरगच्चच काढा. तिथे ते परीक्षक बरोबर आहेत. आणि मी हे सगळं मोकळ्या माळाचं बोललो. चौशिंगा बघायला जाणार असाल तर ह्यातलं फारसं उपयोगी पडत नाही. तो झाडीत राहतो, बहुतेकदा एकटाच असतो, चाहूल लागली की आधी गवतात दबतो. पान-फांदी आड येणारच. डोळा स्वच्छ दिसला की बटण दाबा, जागा सोडायच्या भानगडीत पडू नका.