इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक मिळतंय, मग ब्लॉग कशाला?

समजा, तुम्ही हापूस विकता. रीलवर आंबा कापलेला दिसतो, लाइक पडतात, चार दिवसांनी ती कुणाला सापडतही नाही. स्टोरी तर 24 तासांत गायब. उलट ‘पेटी घरी आल्यावर काय करायचं’ हे एकदा नीट लिहा: आंबे पेंढ्यात एका थरात पसरा, रोज हात लावून बघा, वास सुटेपर्यंत फ्रिजमध्ये टाकू नका. दर एप्रिल-मेमध्ये लोक गूगलवर हेच शोधतात. शिवाय फोनवर तेच तेच सांगायचं वाचतं. लिंक पाठवली की झालं. (माझ्या मते निम्मा फायदा इथेच वसूल.)

आणि सोशल मीडिया म्हणजे भाड्याचा गाळा. मालक कधी कुलूप लावेल, नेम नाही. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, आणि ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथेच होतं ते रातोरात रस्त्यावर. फेसबुकनं 2018 मध्ये फीड बदलून धंद्याच्या पेजेसना मागे ढकललंच होतं.

रील्स थांबवू नका. फक्त ब्लॉगचं डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर घ्या, साइट बनवणाऱ्या डिझायनरच्या नाही. महिन्याला एक लेख पुरे.